दिवाणजींचं पोट

तो तिच्याशी बोलला ते पहिलंच वाक्य होतं, "शी होऊन किती दिवस झाले?"

प्रश्न अर्थात बोक्याबद्दल होता. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी ती, जेवणाच्या सुट्टीत बोक्याला टोपलीत घालून मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात निघाली होती. दवाखान्याच्या पायरीवरच टोपलीची कडी निसटली आणि बोका उडी मारून थेट दाराला कुलूप लावणाऱ्या माणसाच्या पायांत गेला. त्याने बोक्याला अलगद उचललं, पोटावरून दोन बोटं फिरवली...

"चार," ती म्हणाली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

त्याने कुलूप परत उघडलं. जनावरांचा डॉक्टर तोच होता.

बोक्याचं नाव दिवाणजी. तिची मावशी वारली आणि मावशीचा हा बोका तिच्याकडे आला, पण नव्या घरात त्याचं पाण्यावरून मन उडालं आणि पोट दगड झालं. डॉक्टरने एनिमा दिला, कातडीखाली सलाईन सोडलं, एक गोड पातळ औषध दिलं. कोरडं खाणं बंद, पाण्याची भांडी घरभर, आठवड्याने दाखवा... हे सगळं तो इतक्या हळू सांगायचा की ऐकायला पुढे झुकावं लागायचं. ती जरा जास्तच झुकायची.

"पाणी पितो का आता?" त्याने तिसऱ्या खेपेला विचारलं.

"माझ्या ग्लासातलं पितो."

"आणि तुम्ही?"

"मी — उरलेलं."

तो हसला. ते हसू तिने घरी नेलं आणि आठवडाभर पुरवून पुरवून वापरलं.

पाचव्या खेपेला तो म्हणाला, दिवाणजी ठणठणीत आहेत, आता यायची गरज नाही. तिने आभार मानले आणि पायऱ्या उतरताना दोनदा थांबली. पुढे रोज सकाळी वाळूचा ट्रे भरलेला दिसला की सुटकेचा श्वास सोडायचा, तर तिचा चेहरा पडायचा. दुकानात लोकांच्या बुबुळांत प्रकाश टाकताना त्याचे डोळे आठवायचे... तपकिरी, किंचित झोपाळू.

शेवटी एका शनिवारी तिने धीर केला. टोपली घेऊन गेली आणि तीन दिवस झालं नाही म्हणून ठोकून दिलं. त्याने पोट चाचपलं. एकदा, मग सावकाश पुन्हा.

"पोट मोकळं आहे," तो म्हणाला. एवढंच.

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवसापासून ती त्या गल्लीने जाईनाशी झाली. दुकानातून लांबच्या रस्त्याने घरी यायची, आणि लांबच्या रस्त्यावरही मनात त्याच्याशीच बोलायची.

महिन्याभराने दिवाणजी खरोखरच अडले. ट्रेमध्ये बसून कळवळायचे, खाल्लेलं ओकायचे. आता कोणत्या तोंडाने जायचं, या विचारात तिने अर्धा दिवस घालवला. दुपारी बोका निपचित पडला, तशी ती लाजबीज विसरून धावली.

"या वेळी खरं आहे," ती दारातच म्हणाली.

त्याने काही न विचारता बोक्याला हातातून घेतलं. भूल देऊन पोट हळूहळू मोकळं करावं लागेल, वय झालंय, शब्द देत नाही, असं सांगून तो आत गेला. ती बाकावर बसून राहिली. अर्धा दिवस आपण लाजेपायी घालवला हे तिला राहून राहून टोचत होतं.

दीड तासाने तो बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला. दमलेला होता.

"वाचला. शुद्धीवर येतोय."

मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता त्या शनिवारचं सगळं तिने कबूल केलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "इतका आनंद झाला की पुढे काय बोलायचं तेच सुचेना. मग रोज वाट पाहिली... तुम्ही आलाच नाहीत."

ती डोळे पुसायचंही विसरली.

"पुढच्या वेळी," तो नेहमीपेक्षाही हळू म्हणाला, "त्या बिचाऱ्याला घरीच ठेवा. एकट्या या."

ऐकायला तिला पुढे झुकावं लागलं नाही. तो स्वतःच झुकला होता.

"उद्या चालेल?" तिने विचारलं.