पगारवाढीचा कौल

"गाऱ्हाणं काय घालायचं?" गाभाऱ्यातल्या पोरानं विचारलं.

उपेंद्रअण्णा खाकरले. मागं वळून आधी भैरवीकडं बघितलं, मग बायकोकडं, मग देवीकडं. आणि त्या पोराच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा, अण्णा. देवीला हळू चालतं, मला न्हाय चालत."

"हिचा... पगार," अण्णा म्हणाले. "वाढवावा का?"

पोरानं मान वर केली. ओलं सोवळं, उघडे खांदे, आणि नाकावर चक्क चष्मा! त्या चष्म्यातून त्यानं भैरवीकडं बघितलं, आणि हसू दाबायला खालचा ओठ दातांत धरला. भैरवीला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

आता तुम्हीच सांगा, पगारवाढीसाठी कुणी देवीला कौल लावतं? पण अण्णा लावतात. बेळगावात त्यांचं शेतीपंपांचं दुकान. भैरवी चार वर्षं तिथं कामाला, आणि चार वर्षं पगार तोच, अकरा हजार. तिनं मागून बघितलं नव्हतं असं नाही. मंगळवारी म्हणे पैशाचा विषय काढू नये. शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर जाते. गुरुवारी अण्णांचा उपास, आणि उपाशी पोटी मोठा निर्णय घ्यायचा नसतो. अमावास्येला तर बोलायचंच नाही. एखाद्या बुधवारी सगळं जुळून आलंच, तर "अगं, तू मला पोरीसारखी" म्हणून भडंगाची पुडी हातावर. चार वर्षांत तिनं पोतंभर भडंग खाल्लं असेल!

इकडं सांबऱ्यात तिच्या वडलांनी, मारुतीआप्पांनी, शेवटचं सांगितलं होतं. "दिवाळीपर्यंत पंधरा झाले तर कर नोकरी. न्हायतर सोड, आणि सदलग्याच्या स्थळाला व्हय म्हण." सदलग्याच्या लोकांना नोकरी करणारी सून नको होती. भैरवीला तिची नोकरी हवी होती. एवढी साधी गोष्ट, आणि ती अडकली होती अण्णांच्या तोंडात.

म्हणून श्रावणातल्या पौर्णिमेला अण्णा बायकोला, बेबीवहिनींना, आणि भैरवीला गाडीत घालून निपाणीजवळच्या आपल्या कुलदेवीला आले होते. "देवीनं सांगितलं तर एका पायावर देतो," अण्णा म्हणाले होते.

"आई, तुझं लेकरू उपेंद्र विचारतंय," पोरानं खणखणीत आवाजात सुरू केलं. "दुकानातल्या ह्या मुलीचा पगार वाढवायचा असंल तर उजवी दे, न्हाय वाढवायचा तर डावी दे..."

रांगेतल्या कुणा अंबुबाईनं लगेच विचारलं, "किती हाय गं आत्ता?"

देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पाकळी लावली गेली. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सगळ्यांनी हात जोडले. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. एकही पाकळी हलेना. अण्णा खांबाला टेकून घोरायला लागले. वहिनी अंबुबाईला सुनेच्या तक्रारी सांगायला लागल्या. भैरवी पाय आपटत बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली.

बाहेर भुरभुर पाऊस होता. थोड्या वेळानं शेजारी चहाचा पेला आला, आणि पाठोपाठ सदरा चढवलेला तोच पोरगा.

"राग देवीवर आलाय की माझ्यावर?"

"तुमचा काय संबंध?"

"असंल तर आत्ताच सांगा म्हटलं. अकराला मला शाळेत जायचंय."

"शिकताय अजून?"

"शिकवतोय. नववी-दहावीला गणित." तो हसला. गालावर बारीक खळी पडली... भैरवीनं मुद्दाम पावसाकडं बघितलं. "निशांत गुरव. देवळाची पाळी आमच्या चार घरांत फिरती. श्रावण ते आश्विन आमची. बाबांचा गुडघा धरलाय, म्हणून मी."

"गणिताचे सर, आणि पाकळ्या लावताय?"

"गणितात तरी उत्तर पटकन कुठं येतं? तुम्ही काय करता दुकानात?"

तिनं सांगितलं. तीन भाषांत फोन. सबसिडीचे कन्नड फॉर्म. मोटार जळली की शेतकऱ्याच्या पहिल्या शिव्या तिला, उरलेल्या मेकॅनिकला. अण्णा कन्नड फाडफाड बोलतात, पण लिहायचं म्हटलं की सहीपुरतंच.

"म्हणजे दुकान तुम्हीच चालवताय की," निशांत म्हणाला.

चार वर्षांत हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. ती पेला नुसता हातात धरून बसली, आणि तिचा चहा तसाच निवला.

पाकळी काही पडली नाही. "देवी विचार करतीया," अण्णा खुशीत म्हणाले. "पुढच्या पौर्णिमेला बघू."

भाद्रपदातल्या पौर्णिमेला भैरवीनं हिरवा ड्रेस घातला. धुतलेला तेवढाच होता, असं तिनं आईला सांगितलं. आईनं दोरीवर वाळणाऱ्या चार ड्रेसकडं बघितलं.

पाकळ्या पुन्हा चिकटून बसल्या. निशांत शाळेचं एक कन्नड परिपत्रक घेऊन पायऱ्यांवर आला.

"जरा वाचून सांगता? मी मराठी शाळेतला, मला जड जातं. फुकट न्हाय. काय घेणार बोला."

"मागितलं की देताय?"

"मागून तर बघा..."

तिनं मान खाली घालून परिपत्रक वाचलं. एक ओळ दोनदा वाचली. तो कागदाकडं बघतच नव्हता, त्याला काय कळतंय! शेवटी तिनं त्याच्याकडून मोबाइल नंबर घेतला. कशाला? तर पाकळी पडली की कळवायला. मग रोज दुपारी तिचा मेसेज, "पडली का?" आणि त्याचं उत्तर, "अजून न्हाय. जेवलीस काय?" पौर्णिमेला लावलेली पाकळी चौथ्या दिवशी कशी पडेल, हे दोघांपैकी कुणीच विचारत नव्हतं.

असं करता करता आश्विनातली पौर्णिमा आली. दसरा झाला, पावसाळा सरला, पंपांचा हंगाम तोंडावर, आणि भैरवीचा जीव टांगणीला. गाभाऱ्यासमोर उभी राहून ती अण्णांना म्हणाली, "अण्णा, आज काय ते सांगा. येत्या रविवारी सदलग्याचे पाहुणे येणार मला बघायला. पगार वाढला न्हाय तर आप्पा माझी नोकरी बंद करणार."

आत तांब्या खाली पडल्याचा आवाज झाला. निशांत वाकून पाणी पुसायला लागला. पुसतच राहिला.

"देवीच्या मनात असंल तर आज होईल," अण्णा म्हणाले. पाकळ्या लागल्या. सगळे थांबले. अर्धा तास झाला, तास झाला. आज निशांत पायऱ्यांवर आला नाही. दाराशी उभा राहून चष्मा पुसत होता, घालत होता, पुन्हा काढत होता.

अण्णांनी घड्याळ बघितलं आणि उठले. "चला. आईची अजून इच्छा दिसत न्हाय. पुढच्या पौर्णिमेला..."

"अण्णा!" भैरवीचा आवाज देवळात घुमला. "पुढची पौर्णिमा दिवाळीनंतर!"

"मग मी काय करू? देवी बोलत न्हाय त्याला मी काय करू?"

"देवीची चूक न्हाय," दारातून आवाज आला. निशांतच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मी पाकळ्या पाण्यानं लावत नव्हतो. गंधात बुडवून लावत होतो. तिन्ही वेळेला. गंध वाळलं की दोन दिवस पडत न्हाय."

अण्णांचा आ वासलेलाच राहिला. "का?"

निशांतनं अण्णांकडं बघितलं नाही. "ही... पुढच्या महिन्यात परत यावी म्हणून."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. भैरवीच्या कानशिलांपर्यंत काहीतरी तापत गेलं. तो राग होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. निदान निम्मा तरी. दोन महिने! दोन महिने हिनं रात्रीची झोप घालवली, आप्पांची बोलणी खाल्ली, आणि हा दीडशहाणा तिकडं गंध उगाळत बसला होता!

"म्हणजे तिन्ही कौल बाद!" अण्णांना एकदम हुशारी आली. "मग पहिल्यापासून लावायला पाहिजे. नव्या पाकळ्या घे रं, पाण्यानं लाव..."

"बास!" भैरवी ओरडली. तिनं पर्समधून दुकानाचा मोबाइल काढला आणि अण्णांच्या हातात ठेवला. "एकानं पाकळी चिकटवली, दुसरा पाकळीमागं लपला. तुम्ही दोघं बसा आता इथं. अण्णा, पगार तुम्ही देताय, देवी न्हाय. पंधरा हजार देणार की न्हाय, ते तुमच्या तोंडानं सांगा. न्हाय म्हणालात तरी चालंल. पण सोमवारपासून मी येणार न्हाय."

तेवढ्यात तो मोबाइल वाजला. अण्णांनी उचलला. पलीकडून कुणीतरी तावातावानं कन्नडमध्ये फॉर्मचा नंबर, कलम, तारीख विचारत होतं. अण्णा "हौद्री, हौद्री" म्हणत नुसती होला हो जोडत राहिले, आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

"व्हय म्हणा की ओ!" वहिनी कडाडल्या. "हंगाम आलाय. उद्या हे कागद काय मी भरणार?"

"तेरा," अण्णा फोनवर हात ठेवून म्हणाले.

"पंधरा."

"बरं, पंधरा. दिवाळीपासून."

"ह्या महिन्यापासून."

अण्णांनी सुस्कारा सोडला. "ह्या महिन्यापासून. घे बाई हा फोन!"

भैरवीनं फोन घेतला, दोन मिनिटांत त्या माणसाला वाटेला लावलं आणि ठेवला. अण्णांचा मोर्चा निशांतकडं वळला. "तुझ्या बापाच्या कानावर घालतो हे!"

"मीच सांगणार आज. ह्याच्यापुढं मला गाभाऱ्यात उभं करतील असं वाटत न्हाय," निशांत म्हणाला. त्याचा आवाज खरोखर पडला होता.

पायऱ्यांवर तो तिच्या मागं आला. ती थांबली, पण वळली नाही.

"आठ हजार," ती म्हणाली. "दोन महिन्यांचे आठ हजार बुडवलेस माझे."

"तू मला एकेरी बोललीस..."

"मग काय अहो-जाहो करू तुला? अरे, नंबर होता ना माझा? एक मेसेज टाकायचा, भेटायला ये म्हणून. आले असते की मी!"

बोलून गेली आणि जीभ चावली. निशांत दोन पायऱ्या उतरून तिच्यासमोर आला.

"आली असतीस?"

"...तोंड बघ. महिनाभर जेवलीस काय, जेवलीस काय. दुसरं काही विचारता येत न्हाय तुला?"

"येतं," तो म्हणाला. "भीती वाटली. तू न्हाय म्हणालीस तर... म्हणून ढकलत गेलो. चुकलं माझं. लई चुकलं. आवडतेस तू मला, भैरवी. पहिल्या दिवशी गाभाऱ्यासमोर लाजून उभी होतीस, तेव्हापासून. मग चहा निवेपर्यंत हातात धरून बसलीस, तेव्हा तर पक्कंच."

तिला रडू येत होतं का हसू, तिचं तिलाच समजेना. "मला पण आवडतोस," ती रागानंच म्हणाली. "आता बोल, रविवारच्या पाहुण्यांचं काय?"

"शनिवारी सकाळची शाळा. बाराला सुटते. चारपर्यंत सांबऱ्यात पोचतो. तुझ्या आप्पांकडं मागणी घालतो."

"ते न्हाय म्हणतील. आमच्यात जातीबाहेर पोरगी देत न्हायीत."

"मग रविवारी पुन्हा विचारतो. पाहुण्यांच्या आधी."

"आणि पगार विचारला तर? किती हाय तुझा?"

निशांतनं चष्मा सारखा केला. "चौदा."

"माझ्यापेक्षा कमी?" दोन महिन्यांत ती पहिल्यांदा खळखळून हसली. "वाढवून मागितला न्हायीस?"

"चार वर्षं झाली. विचारीन, विचारीन म्हणतोय..."

भैरवीनं कपाळावर हात मारला. मग त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात होतं, ते काढून तिनं नीट लावलं. खाली अण्णांनी गाडीचा हॉर्न दाबला. दोनदा.

"ऐक. शनिवारी आप्पांना विचारायचं आणि सोमवारी हेडमास्तरांना," ती म्हणाली. "आणि दोन्हीकडं मी तुझ्याबरोबर असणार. एकट्याला सोडलं तर तू म्हातारा होशील, पण विचारणार न्हायीस. कबूल?"

"व्हय," निशांत म्हणाला. ह्या वेळेला त्यानं क्षणाचाही वेळ लावला नाही.