वरचं पाणी साफ आहे

तेल तपासायची बाटली विसळायची नसते. तेल काचेला धरतं, आकडा खोटा येतो. अकरा वर्षं रायपूरच्या एका लॅबसाठी हेच करतोय. बूढापाऱ्यातून स्कूटर काढायची, कालव्याचं पाणी भरून आणायचं. साहेब एसीत बसून सही ठोकतात.

त्या दिवशी भरदुपारी कालव्यावर दीडशे माणसं होती. मधोमध विनायक. माझा ब्राह्मणपाऱ्यातला शाळासोबती, काठावर ट्रकचं गॅरेज चालवणारा. त्याच्याच गॅरेजातल्या साखळीने त्याला बाभळीला बांधलं होतं. एक कान फाटून लोंबत होता.

पाण्यावर तेलाची रंगीत साय होती. हेच पाणी भाताला, हेच नळाला. काठच्या वस्तीतल्या सुशीलादीदीची पोरगी तीन दिवस हॉस्पिटलात रक्त ओकत होती.

"शिश्या, वर जाऊन पाह्य ना बे," विनायक म्हणाला. बाटल्या वाहतो म्हणून तो मला शिश्या म्हणायचा. दात पडल्याने शब्द गळत होते. "माह्या गॅरेजच्या वरही तेल असंन तं मी सुटलो. काहून मारून राहिले मले?"

सुशीलादीदीने फावडं तोललं. "जा साहब. तेल कहाँ ले आवत हे, बस वही बता."

गॅरेजच्या वर, प्रवाहाच्या उलट, शंभर पावलांवर तेल होतंच. विनायक सुटला, म्हटलं. पण हे लोक विचारणार, उगम कुठे? मी आणखी वर गेलो.

साय माझ्या समोरच सुरू होत होती. तिच्या वरचं पाणी नितळ, तळातले खडे दिसत होते.

दहा पावलं वर सरकलो. सायही दहा पावलं वर आली.

काठापासून मागे हटलो. तुटली.

पुढे आलो. परत सुटली.

बूट काढले, पाय मातीने घासले. पाण्याला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तरी माझ्या अनवाणी पायांच्या समोरून तेल उकळी आल्यासारखं वर येत होतं. डिझेलचा वास. कोमट.

वरच्या बाजूचं पाणी एका बाटलीत भरलं आणि परतलो.

"मिला?" सुशीलादीदीने विचारलं.

विनायक फुटक्या तोंडाने हसला. "सांग ना, शिश्या."

वर तेल आहे म्हटलं असतं, तर सगळे मला घेऊनच बघायला निघाले असते.

मी बाटली उंच धरली. "ऊपर साफ है."

पहिलं फावडं गुडघ्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरं तोंडावर. मग साखळी, मग दगड. तो माझं नाव घेत होता. मग तोंडच उरलं नाही.

त्याला पाण्यात फेकलं.

तो पालथा तरंगत गेला. ग्रीसने काळे झालेले कपडे, पण त्यातून थेंबभर तेल सुटलं नाही. साय त्याच्यापासून हातभर लांब राहत होती.

सुशीलादीदी हात धुवायला उतरली. रक्त निघून गेलं. मग तिच्या बोटांखालून रंगीत साय सुटली आणि शहराकडे वाहू लागली.

तिने ते पाहिलं. मी पाहतोय, हेही पाहिलं. सावकाश पदराला हात पुसले.

"पानी साफ हे, साहब," ती म्हणाली. "लिख ले."