गोठलेल्या नळावर

लिव्हरपूलच्या गोदीमागे आमची गल्ली होती. तिथे ही हकिकत कुणी हसत सांगत नसे. कारण डीलिया टार्पीने ते सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि डीलिया खोटं बोलणारी बाई नव्हती.

१९१७ सालचा फेब्रुवारी. लढाई चालू होती. थंडी अशी की चौकातला सामाईक नळ गोठून बसला होता.

टार्पी मंडळी मूळची आयर्लंडची, मेयोकडची. पोटासाठी इकडे आलेली. बाप गोदीत पोती वाहता वाहता गेला. मागे आई ऑनर, मुलगी डीलिया आणि दोन मुलगे. थोरला ऑस्टिन जहाजावर आगवाला. बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून कोळसा लोटायचा.

सफरीवरून आला की तो आधी घरात शिरत नसे. नळावर मान खसाखसा घासायचा, घोड्यासारखा फुरफुरायचा आणि ओरडायचा, "डीलिया, टॉवेल दे गं!"

नाताळ उलटला आणि तार आली. पाणबुडीने जहाज बुडवलं होतं. भट्टीजवळचा एकही माणूस वर आला नाही.

पुरायला देहसुद्धा मिळाला नाही.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी डीलिया पोत्यांच्या कारखान्यातून नुकतीच आली होती. आई चुलीपाशी जपमाळ ओढत होती.

आणि बाहेर...

पाणी पडल्याचा आवाज आला.

मग खसाखसा घासल्याचा. मग ते फुरफुरणं...

"शेजारचं कुणी असेल," डीलिया म्हणाली.

"नळ गोठलाय गं," आई म्हणाली.

डीलियाने दार उघडलं. आवाज तोडल्यासारखा थांबला.

चौकात कुणी नव्हतं. नळाच्या तोंडाला बर्फाचा सुळका तसाच लटकत होता. फक्त वास येत होता... तापलेल्या कोळशाचा.

आईला भीती वाटली नाही. "घरी आलाय तो. येऊ दे," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. तार आल्यापासून पहिल्यांदाच.

पण धाकटा फेस्टी त्याच आठवड्यात जहाजावर चढणार होता. भावाच्याच कामावर.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली. कोबी-बटाटे होते. फेस्टीला थट्टेची लहर आली होती.

"ताई, मी परत येईपर्यंत तुझ्या मागे लागलेल्या त्या गाडीवाल्याशी लग्न उरकून घे. नाहीतर पुढच्या वेळी त्याचा घोडासुद्धा तुला नाही म्हणेल!"

"तोंडात बटाटा घाल, मेल्या!"

तेवढ्यात...

नळ सुरू झाला.

या वेळी घासणारे दोघं होते. दोघं फुरफुरत होते. मग त्यातला एक हसला.

डीलियाने झटकन समोर पाहिलं.

ते हसणं फेस्टीचं होतं.

आणि फेस्टी तर तिच्यासमोर बसून पाव चावत होता.

"काय झालं? अशा काय बघताय दोघी?"

त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

दाराबाहेरून ऑस्टिनचा आवाज आला. अगदी जवळून.

"डीलिया, टॉवेल दे गं... आज दोन दे."

आईने छातीवर क्रूसाची खूण केली. फेस्टी माडीवर झोपायला गेला, तशी तिने बाहेरून कडी घातली. दाराशी पेटी ओढली आणि तिच्यावर स्वतः बसून राहिली.

पहाटे फेस्टीने लाथांनी दार दणाणून सोडलं.

"आई! उघड! सगळी गोदी मला भित्रा म्हणेल!"

"म्हणू दे. भित्रा तर भित्रा. माझ्या डोळ्यांपुढे राहा."

"दादाला नाही कोंडलंस ते!"

आई रडली. पण उठली नाही.

जहाज त्याच्याशिवाय गेलं. लाथा चालूच होत्या. दुपारी त्या अचानक थांबल्या.

दमला असेल, असं दोघींना वाटलं. दिवेलागणीला आईने कडी काढली. फेस्टी मुकाट्याने बाहेर आला.

तीन-चार दिवसांनी बातमी कळली. ते जहाज निघालं त्याच दिवशी बुडालं होतं. दुपारी. किनारा नजरेच्या टप्प्यात असताना. कुणीच वाचलं नाही.

डीलियाने फेस्टीला चाचरत सांगितलं. वाटलं, तो रडेल, आईचे पाय धरेल.

तो भिंतीकडे बघत म्हणाला...

"हो. पाणी फार गार होतं."

नळावर पुन्हा कुणी आलं नाही. फेस्टी गोदीत कामाला लागला. लग्न झालं, मुलं झाली. मरेपर्यंत आई म्हणायची, "एक तरी वाचवला मी."

फेस्टीने डीलियाची पुन्हा कधी थट्टा केली नाही.

म्हातारपणी कुणी विचारलं, तर ती एवढंच सांगे.

"त्या खोलीतून जो बाहेर आला, त्याला मी जन्मभर भाऊ म्हटलं. त्याच्या मुलांना मांडीवर खेळवलं. पण त्याच्याबरोबर एका खोलीत एकटी... कधीच बसले नाही."