आप्पाजींची डबी

"लॅबनं माझ्या वडिलांचा जीव टांगणीला लावला!" रंजिता खुर्चीत टेकायच्या आधीच कडाडली. "म्हणे शौचात रक्त. दुर्बीण घालून आतडं पाहिलं, तर लख्ख! नमुन्याची डबीच बदलली त्यांनी."

शिवाजीनगरच्या टीचभर ऑफिसात खासगी गुप्तहेर श्यामला शांतपणे चष्मा पुसत होती.

"बीट खाल्लं असेल," तिचा सहायक सुहास म्हणाला. पुण्याहून इकडे कानडी मुलखात येऊन वर्ष झालं, पण गड्याची घाई काही सुटेना.

"ही चाचणी फक्त माणसाचं रक्त ओळखते, शहाण्या," श्यामला म्हणाली. " कुणाच्या तरी पोटात रक्त झिरपतंय आणि त्याला पत्ताच नाही. तो माणूस आधी सापडायला हवा."

घरोघरी जाऊन नमुने आणणारा लॅबचा नागनाथ रडकुंडीला आला होता. "डबी रंजिताताईंच्या आईनं, अक्कांनी, दारात दिली, नावाची चिठ्ठी मी तिथंच चिकटवली. त्या दिवशी पिशवीत दुसरी डबीच नव्हती, मॅडम!"

हेब्बाळच्या घरात रंजिताचे वडील आप्पाजी भडकलेलेच होते. "डबी? शी! असली कामं मी बघत नाही. तेव्हा आठवडाभर कोठा जाम. डबी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी चूर्णाचा गुण आला, तेव्हा कुठं सुटलो! घरात आम्ही दोघंच, हिनंच पाहिलं सगळं."

आप्पाजींच्या पत्नी महानंदाबाई चहा-बिस्किटं घेऊन आल्या. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. ओठ पांढुरके. मुठीतले कच्चे तांदूळ चघळत त्या म्हणाल्या, "स्वल्प, जराशी बसते हं. हल्ली तांदळाची ही खोडच लागलीय मला."

सुहासनं बिस्किट उचललं. श्यामलाचा चहा तसाच राहिला.

"काकू, डबी तुमची होती ना?"

महानंदाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "नागनाथ दारात, हे आत ओरडतायत. म्हटलं, एवढ्याशा डबीसाठी कशाला रामायण? मी तर धडधाकट!"

"काय?" आप्पाजी उठलेच.

"तुमचं पोट दुसऱ्या दिवशी मोकळं झालं," श्यामला म्हणाली, "मग आदल्या दिवशी डबी भरली कशी? लॅबात अदलाबदल व्हायला दुसरी डबीच नव्हती. घरात माणसं दोन. त्यातल्या एकाला धाप लागते, ओठ पांढरे पडलेत आणि कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. अंगातलं रक्त घटलं की अशी ओढ लागते. रंजिता, आईला आजच दवाखान्यात ने."

महानंदाबाईंच्या आतड्यात गाठ निघाली, पण वेळेत सापडली. डॉक्टरांनी ती काढून टाकली.

महिन्याभरानं आप्पाजी कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन शिवाजीनगरचा जिना चढले. "पोरी, तू माझं घर राखलंस," म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. श्यामलानंही हात जोडले. सुहासनं मात्र डबा उघडला.

पुढच्या तपासणीला नागनाथ बिचकतच दारात उभा राहिला. आप्पाजी स्वतः डबी घेऊन आले.

"ही हिची. नाव नीट चिकटव. या घरात असली कामं आता मीच बघतो."