चिलखतातलं दार

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आठ दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. सकाळच्या बसने मी जळगावहून धुळ्याला निघालो. मांडीवर प्लास्टिकचा डबा, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, कापसाच्या काड्या, मऊ कापडं, तीन ब्रश. काम साधं होतं. शिलेदाराच्या एका बारा इंची पुतळ्याच्या चिलखतावरचं वेदरिंग काढायचं.

वेदरिंग म्हणजे कारखान्यातच मुद्दाम लावलेला मळ. शौकीन लोक जमवतात त्या असल्या पुतळ्यांचं चिलखत खऱ्या धातूचं असतं. ते लढून आल्यासारखं वाटावं म्हणून बनवणारेच त्यावर तपकिरी रंगाचा पातळ हात फिरवतात, सांध्यांत काजळी भरतात. शौकीन माणूस त्या मळासाठीच पुतळा घेतो. मी असल्या पुतळ्यांची दुरुस्ती करतो, रंगकाम करतो. पॉलिटेक्निक दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हापासून हेच. आमचे आबा यावलच्या नातेवाइकांना अजून सांगतात की पोरगा कोर्स करतोय. घरात मात्र रोज एकच, "हाऊ काय धंदा शे तुना? बाहुल्या पुसाना?"

मांगीलाल नानांची धुळ्याच्या जुन्या बाजारात धान्याची पेढी, वर घर. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं कुटुंब. त्यांचा नातू अनुज मागच्या उन्हाळ्यात गेला. बावीस वर्षांचा. झटका आला, एवढंच मला फोनवर सांगितलं होतं. लग्नाआधी गेलेला मुलगा त्यांच्यात पितर होतो. सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती उठवून घेतात, देवघरात बसवतात, मग तो घर राखतो अशी श्रद्धा. पण अनुजच्या आजीला, हीराबाईंना, तीनदा एकच स्वप्न पडलं. त्यात अनुज म्हणत होता, मी पत्र्यात बसणार नाही, माझ्या शिलेदारात बसेन. म्हणून आखाजीला शिलेदार देवघरात जाणार होता. आणि मळकी वस्तू देवात चालत नाही.

"नाना, हा मळ नाहीये," मी त्यांना म्हणालो. "हे असंच बनवतात. असंच विकतात."

"मळ कोणी विकत घेतं का बेटा?" ते हसले. मग शिलेदार माझ्या हातात देत म्हणाले, "तुम्ही कारागीर माणूस. तुम्हाला काय शिकवायचं."

खरं सांगतो, मला या पिढीची चीड आहे. त्यांना सगळं बाहेरून लखलखीत लागतं, आत काय का कुजेना. पण पांढऱ्या केसांच्या एकाही माणसाने तोवर मला कारागीर म्हटलं नव्हतं. 'तुम्ही' म्हणून हाक तर नाहीच. मी तेवढ्यावर पाघळलो. पुढे जे झालं त्यात हा माझा वाटा. तो मी लपवणार नाही.

पुतळा घराबाहेर न्यायचा नव्हता, म्हणून मला गच्चीवरच्या खोलीत बसवलं. ती अनुजची खोली. वर पत्रे, एक खिडकी, तिला बाहेरून जाळी. भिंती ताज्या रंगवलेल्या. दारही ताजं, हिरव्या ऑइलपेंटचा वास अजून येत होता. दाराला बाहेरून हातभर लांब कडी होती. आतून काहीच नव्हतं, कडीची जागा पुट्टीने बुजवून वर रंग मारला होता. नाना खाली पेढीवर गेले. अल्कोहोलचा वास कोंडू नये म्हणून मी दार सताड उघडं ठेवलं, त्याला विटेची अडण लावली, आणि दाराकडे पाठ करून टेबलाशी बसलो. अकरा वाजले असतील. पत्रे तापून तडतड वाजायला लागले होते.

माझी एक पद्धत आहे. आधी फोनवर त्याच मालिकेच्या दुसऱ्या पुतळ्यांचे फोटो लावून ठेवायचे. कारखान्याचा मळ सगळ्यांवर एकसारखा असतो, तेच डाग, त्याच जागी. मग पुतळ्याच्या मांडीच्या मागच्या पत्र्यावर, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे थेंब लावून बघायचं की मळच निघतो, खालची चकाकी नाही. नंतर वरून खाली पुसायचं, एका दिशेने. गोल घासायचं नाही.

फोटोंशी पडताळताना मला एक फरक दिसला. या शिलेदाराचा उजवा लोखंडी पंजा हिरवट होता. बोटांची टोकं बोथट झालेली, खाचांत हिरवा रंग घुसलेला. कुठल्याच फोटोत तसं नव्हतं. मी तो पाहिला, मनात म्हटलं एखाद्या खेपेला रंग वेगळा लागला असेल, आणि पुसून टाकला. त्याला सहा काड्या लागल्या.

मग छातीचा पत्रा. तपकिरी पाणी कापसात उतरत गेलं आणि खालून आरशासारखी चकाकी वर आली. त्यात मी दिसलो, वाकडा, फुगीर. माझ्या मागे खोली, खाट, दार.

दार बंद होतं.

मी मागे वळलो. दार उघडं. वीट जागेवर, बाहेर गच्चीवर पांढरंफटक ऊन. पुन्हा पत्र्यात पाहिलं. बंद. म्हटलं, पत्रा फुगीर आहे, प्रतिबिंब फसवतं. खांद्याचा पत्रा पुसला. तो सपाट होता. त्यातही दार बंद… आणि त्या दाराचा रंग जुना, खालच्या बाजूला ओरबाडलेला.

"दादा, मठ्ठा."

दारात एक मुलगी उभी होती. आयुषी, अनुजची धाकटी बहीण. पेला घेऊन उंबऱ्यावर थांबली, आत पाऊल टाकलं नाही. मीच उठून पेला घेतला. तिची नजर टेबलावर गेली आणि तिथेच राहिली.

"हात पुसला?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"तो रंग कारखान्याचा नव्हता दादा. दाराचा होता." ती इतकी हळू बोलत होती की पत्र्यांच्या तडतडीत अर्धं हरवत होतं. "भिंती रंगवल्या, दार रंगवलं. तेवढंच राहिलं होतं त्याचं."

तिने उभ्या उभ्या थोडक्यात सांगितलं. अनुज पेढीवर बसायला तयार नव्हता. जामनेरला नात्यात लग्न होतं, तिथे त्याला एक मुलगी दाखवायची होती, तो यायलाही तयार नव्हता. निघताना नानांनी बाहेरून कडी लावली. डोकं ठिकाणावर येईल म्हणाले. दुपारी वीज गेली, तापल्या पत्र्यांखाली पंखाही बंद. अनुजचा फोन नानांच्या खिशात होता. घरचे परत आले तेव्हा अनुज गेलेला होता, दार ठोकलेला शिलेदार त्याच्या मुठीत, आणि दाराच्या खालच्या फळीचा एक तुकडा उडालेला. जिन्यावरूनच नानांनी सगळ्यांना सांगितलं, कोणी विचारलं तर झटका म्हणायचं. आयुषीने कोणाला काही सांगितलं नाही, कारण तिच्या बोलण्याला त्या घरात किंमत नव्हती. पण शिलेदार तिने कपाटात जपून ठेवला होता. आजीच्या स्वप्नाने तो बाहेर आला.

"आता नका पुसू," ती म्हणाली. "तोंड तरी राहू द्या."

तिथे मी थांबायला हवं होतं. नानांना खाली जाऊन विचारायला हवं होतं. आबांना शिव्या घालणारा मी, दार आपटून निघून जाणारा मी. पण शिरस्त्राण तेवढं राहिलं होतं, आणि अर्धवट काम दाखवताना नाना परत 'तू' म्हणतील, हा विचार माझ्या डोक्यात होता. एवढा हलका विचार. मी तिला म्हणालो, निघालेला मळ मला परत लावता येत नाही, आता राहिलेला ठेवून काय उपयोग. ती पेला घेऊन गेली.

मी शिरस्त्राण पुसलं.

पुसता पुसता खोलीतली हवा जड झाली. दार उघडं होतं, वारा होता, गच्चीवरच्या दोरीवरची साडी हलत होती. तरी माझ्या अंगाला वारा लागत नव्हता. पंखा फिरत होता, त्याचा आवाज येत होता, वारा येत नव्हता. बनियन पाठीला चिकटलं. अल्कोहोलच्या वासाखाली दुसराच वास यायला लागला, कोंडलेल्या अंथरुणाचा, घामाचा, बऱ्याच तासांचा. वळून बघायचं मी टाळत होतो. शिरस्त्राणात बघितलं. बंद दार… त्याच्या तळाशी कोणीतरी पाठ टेकून बसलेलं. पाय पसरलेले. आणि त्या पायांच्या आणि टेबलाच्या मधे मी, पत्र्याकडे तोंड करून. म्हणजे तो माझ्या पाठीकडे बघत होता.

जिन्यावर चपला वाजल्या. नाना वर आले, मोठ्याने कौतुक करत. शिलेदार उचलून त्यांनी उन्हाकडे धरला. "वाह, कारागीर…" एवढंच म्हणाले. मग छातीच्या पत्र्याकडे बघत राहिले. मान वळवून मागे बघितलं. परत पत्र्यात. त्यांच्या कपाळावर एकदम घाम फुटला.

"दार कोणी लावलं?" त्यांनी विचारलं. आवाज माझ्या वयाच्या पोराचा वाटला.

मी डबा भरला आणि निघालो. नाना उघड्या दाराशी उभे होते, त्यातून बाहेर मात्र पडत नव्हते. हाताने हवा चाचपत होते. मी त्यांच्या बाजूने निघून गेलो तेव्हा ते माझ्या मागोमाग, मला चिकटून बाहेर आले.

आखाजीला शिलेदार देवघरात बसला. घागर भरली, नैवेद्य झाला, हीराबाई समाधानाने रडल्या. हे मला आयुषीने कळवलं. तिने हेही कळवलं की नाना आता कुठलंही दार लावू देत नाहीत. न्हाणीघराचंही नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारी नाना आमच्या घरी जळगावला आले. एकटे. टॉवेलात गुंडाळलेला शिलेदार छातीशी धरलेला. आबा एवढा मोठा व्यापारी दारात बघून खुर्ची पुसायला धावले. नाना बसले नाहीत. माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "मळ परत लाव."

मी म्हणालो, मळ कोणी विकत घेतं का. वाईट बोललो, पण बोललो. मग विचारलं, "कडी तुम्ही लावली होती?"

ते टॉवेलाची किनार चोळत राहिले. "दोनच तासांचं होतं," ते म्हणाले. "वरात लांबली… मग जेवणं. पंगतीतून उठणं बरं दिसलं नसतं."

बरं दिसलं नसतं. मी यांच्या तोंडून, आमच्या आबांच्या तोंडून, जन्मभर हेच ऐकत आलोय. मी त्यांना सांगितलं, आधी हे घरात बोला, आयुषीसमोर, आजीसमोर, मग मी हात लावतो. ते मान हलवत राहिले. नाही म्हणत होते की मान थरथरत होती, कळलं नाही. "तू लाव बेटा. दिवसभर बघतो तो. हात जोडतो."

म्हातारा माणूस खरंच हात जोडून उभा राहिला आणि मी दुसऱ्यांदा पाघळलो. तपकिरी रंग पातळ केला. रुंद ब्रशने छाती, खांदे, शिरस्त्राण झाकलं. सांध्यांत काजळी भरली. एकेका पत्र्यातलं दार विझत गेलं, तसतसा नानांचा श्वास खाली बसत गेला. शेवटी सगळं मळकं झालं, कारखान्यातून आल्यासारखं. त्यांनी डोळे पुसले.

रंग अजून ओला होता. आम्ही दोघंही बघत होतो. छातीच्या पत्र्यावर, बरोबर मधे, तपकिरी रंगात एक लहान ठिपका उघडा पडला. थेंब ओघळल्यासारखा नाही, हवेने सुकल्यासारखाही नाही. वरून खाली, एका दिशेने, थोडं थोडं पुसत यावं तसा. ब्रश माझ्या हातात होता, हात मांडीवर. ठिपका वाढायला लागला.

नानांनी आपला अंगठा त्यावर दाबून धरला. टॉवेल तिथेच राहिला. तसेच जिना उतरले, गाडीत ड्रायव्हरच्या मागे बसले.

अंगठा त्यांनी अजून काढलेला नाही. आयुषीचे निरोप येतात. नाना देवघरात बसून असतात, शिलेदार मांडीवर, जेवण डाव्या हाताने. रात्री झोपही तशीच, बसल्या जागी. घरात अजून ते काही बोललेले नाहीत. हीराबाई दोनदा म्हणाल्या, काढा तो हात, बघू तरी द्या त्याला. नाना नाही म्हणतात.

काल तिने फोटो पाठवला. सकाळी डॉक्टर पट्टी बांधायला आले होते, त्यांनी अंगठा जरासा उचलून पाहिला तेवढ्यातला. अंगठ्याच्या टोकाची साल पूर्ण गेली आहे, खालचं लाल दिसतं. सारखं घासल्याने असं होतं, डॉक्टर म्हणाले, हात स्थिर ठेवा.

आयुषीने खाली लिहिलं आहे, नाना अंगठा हलवत नाहीत दादा. मी दिवसभर समोर बसून बघितलंय. ते जरासुद्धा हलवत नाहीत.