फळ्यावरचं ‘शे’

प्रमिलाबाईंनी टेबलावर एक बंद पाकीट ठेवलं.

“यात ह्यांचा राजीनामा आहे, नाना. आज चारला संस्थेची बैठक आहे. त्याआधी खरं काय ते कळलं नाही, तर हे द्यावं लागेल.”

गिरधर नाना भुसावळला रेल्वेत होते. केळीच्या वॅगनमधला माल वाटेत कुठे गळाला, हे शोधण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर जळगावात ते लोकांच्या भानगडी सोडवत. सोबतीला हिलाल. रिक्षा त्याची, आणि प्रश्नही त्याचेच जास्त.

“रुपचंद सरांचीच भानगड ना?” हिलाल म्हणाला. “सोमवारी सकाळी आठला मी कॉलेजवर पॅसेंजर सोडला, नाना. फाटकात ही गर्दी! रेटारेटीत माझा खांदा पोरांच्या फलकावर घासला. ‘अडाणी म्हणणारेच खरे अडाणी!’ लाल ऑइल पेंटमध्ये, एवढं मोठं अक्षर.”

“लागलं का रे?”

“खांद्याला काय लागायचं?”

नाना हसले आणि प्रमिलाबाईंकडे वळले.

हकीकत साधी होती. रुपचंद सर मराठी शिकवत. सोमवारी साडेसातला मुलं वर्गात शिरली, तर फळ्यावर सरांच्या अक्षरात “‘शे’ म्हणणारे अडाणी” एवढी एकच ओळ होती. खेड्यातली निम्मी मुलं घरी ‘आहे’ला ‘शे’च म्हणत. वर्ग पेटला. मुलांनी फळ्याचा फोटो काढून तक्रारीला जोडला.

“ह्यांनी शनिवारी संध्याकाळी बोलीभाषेच्या तासासाठी दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “दुसरी ओळ होती, ‘असं म्हणणारेच खरे अडाणी.’ ती कोणीतरी पुसली. पण ऐकतो कोण? सोमवारी एस.टी. बंद पडली आणि हे तासभर उशिरा पोचले. लोक म्हणतात, फलक वाचूनच ह्यांना दुसरी ओळ सुचली.”

प्रमिलाबाईंनी आणलेला फोटो नानांनी डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला. मग खिशात ठेवला.

कॉलेजात पहिल्या भेटल्या शिपाई कुंदाबाई.

“शनिवारी सर साडेपाचले गयात,” त्या म्हणाल्या. “सहाले मी कुलूप लावलं. मधी दोघंच गेले वर्गात. झुलाल सर, खडू घ्यायले. आणि तो पोरगा, पुना, वही राहिली म्हणे.”

“आणि फळा?”

“माले वाचता येत नाही, नाना. मी कशाला फळ्याकडे पाहू? किल्ली सोमवारपावेतो माझ्याच कमरेले होती.”

झुलाल सर मराठीचेच दुसरे प्राध्यापक. ते पान चघळत होते.

“मी फळा पाहिला नाही. खडू घेतला, निघालो. आणि खरं सांगू? रुपचंदने लिहिलं ते चूक काय? एम.ए. करायचं आणि तोंडात शे-शे! दुसरी ओळ वगैरे मागाहून रचलेली. फाटकातून येताना फलक वाचला असेल.”

“हा माणूसच वाटतो मला,” बाहेर आल्यावर हिलाल कुजबुजला.

“वाटण्यावर चाललं असतं, तर आपल्याला कोणी बोलावलं नसतं.”

पुना विद्यार्थ्यांचा पुढारी. शेवटच्या वर्षाला होता. फलकाशेजारीच उभा होता.

“झकास घोषणा आहे,” नाना म्हणाले. “कोणाची?”

“शब्द, अक्षर, रंग, बठ्ठं मनं शे! सगळं माझं!”

“सुचली कधी?”

“सोमवारी फळा पाहिला तेव्हा. तिथंच डोक्यात आली.”

“आणि आठला फलक फाटकात?”

“राग आला की हात चालतो, नाना.”

“तुझी रिक्षा कधी रंगवली रे?” नानांनी हिलालला मधेच विचारलं.

“दिवाळीला. मागे नाव टाकलं ऑइल पेंटने. दुसऱ्या दिवशी बायको टेकली, तर अख्खं लुगडं खराब! अजून बोलते.”

पुना फलक सरळ करू लागला.

चार वाजता प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. रुपचंद सर खाली मान घालून बसले होते. नानांनी फोटो टेबलावर ठेवला.

“‘अडाणी’ या शब्दापुढे काय आहे, पाहा.”

प्राचार्यांनी चष्मा लावला. “स्वल्पविराम.”

“वाक्य संपलं तिथे मराठीचा मास्तर स्वल्पविराम देत नाही. म्हणजे पुढे ओळ होती. ती शनिवारी साडेपाच ते सहाच्या मधे पुसली गेली. नंतर सोमवारी मुलं येईपर्यंत कुलूप होतं. आत गेले दोघे.”

झुलाल सर उसळले. “माझ्यावर आळ घेता?”

“नाही. हिलाल, सोमवारचा शर्ट कुठला?”

“हाच, नाना. धुवायचा राहिलाय.”

“खांदा दाखव.”

खाकी खांद्यावर लाल रंगाचा ठिपकाही नव्हता.

“साडेसातला सुचलेली घोषणा आठला वाळलेली कशी? तो फलक सोमवारच्या आधीच रंगवला होता. फळा अजून कोणी पाहिलाही नव्हता, आणि त्याचं उत्तर तयार होतं. ते उत्तर म्हणजे सरांचीच पुसलेली ओळ, थोडी आखूड करून. पुना, ओळ वाया घालवायला जीव धजला नाही ना तुझा?”

पुनाचे डोळे भरले.

“पहिल्या वर्षाला तोंडी परीक्षेत मी म्हणालो, ‘पुस्तक घरी शे.’ झुलाल सर हसले. मग सगळे हसले. वर्षभर पोरं मला ‘शे’ म्हणूनच हाक मारायची. तक्रार केली, तर कार्यालयात विचारलं, पुरावा काय? या वेळी पुरावा फळ्यावर होता. फक्त माणूस दुसरा होता.”

झुलाल सरांचं पान चघळणं थांबलं.

“दोन्ही तक्रारी लिहून घ्या,” नाना प्राचार्यांना म्हणाले. “ही आणि पुनाची ती जुनी.”

रुपचंद सर उठले. “मी रागावलोय, पुना. तीन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. फाटकातल्या मुलांना तू स्वतः सांगायचं.” ते थांबले. मग हलकेच म्हणाले, “वीस वरीस मी या कॉलेजमां शुद्ध बोलनू. मीबी आठलाच, याच मातीना शे, भाऊ.”

पुना फाटकाशी गेला. गर्दी त्याच्याभोवती जमली.

“मित्रांनो, जे खरं आहे...” तो अडखळला. फलकाकडे पाहिलं. मग म्हणाला, “जे खरं शे, ते सांगस.”

कोणी हसलं नाही.