रिकामा ताबा

सकाळी खिडकीशी चहा घेत मी ताबापावतीचा मसुदा पुन्हा वाचला : 'घराचा रिकामा व निर्वेध ताबा आज देण्यात येत आहे.' बांधकामाच्या वादांतच माझी वकिली मुरली. पण एवढ्याशा ओळीने मला इतका वैताग कधी दिला नव्हता. भिंती ओळंब्यात सरळ होत्या, गळती नव्हती, दारे-खिडक्या नीट लागत होत्या. तरीही माझ्या अशील, शाळेतल्या बाई, ताबा घेईनात. त्यांना भाड्याचे घर महिनाअखेरीस सोडायचे होते आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला न्यायला दुसरी जागा नव्हती.

"तक्रार काय, ते एकदा स्पष्ट सांगा," नव्या घराच्या फाटकाशी मी बाईंना म्हणाले.

"घर घुमत नाही, ताई."

"ऐका!" कंत्राटदार कडाडला. "लोक आवाज घुमतो म्हणून भांडतात. आणि हे घर घुमलं असतं, तर बाईंनी वकील नाही, मांत्रिक आणला असता!"

"हा दोष करारातल्या कोणत्या कलमात बसवू मी?" मीही चिडून विचारले. बाई फाटक लोटून आत निघाल्या.

आत कोरी फरशी, कोऱ्या भिंती. पडदा नाही की खुर्ची नाही. मी टाळी वाजवली. अशा घरात टाळी भिंतींवरून परत येते. ही आली नाही. कपड्यांनी भरलेल्या कपाटात वाजवावी तशी जागीच विरली. गिलावा ओला असेल, असे मी स्वतःला समजावले. हात लावून पाहिला. खडखडीत वाळलेला होता.

दोघांचा वाद पुन्हा जुंपला. मागच्या खोलीपाशी पोहोचेपर्यंत तो कुजबुजीत चालला होता, हे मला उशिरा उमगले.

"तुम्ही इतकं हळू का बोलताय?" मी कंत्राटदाराला विचारले. माझाही आवाज उतरला होता.

तो गोंधळला. "इथं सगळेच हळू बोलतात. माझे गवंडीसुद्धा."

"का?"

त्याने दाराकडे पाहिले.

बाईंनी दार लोटले. खोली रिकामी होती. फक्त ऊब होती, कुणी बराच वेळ झोपलेल्या खोलीत असते तशी.

"आईसाठी ठरवलेली खोली हीच," बाई पुटपुटल्या. "मी ताबा घेते, ताई. नाइलाज आहे. पण खोटं लिहू नका."

मी ओट्यावर मसुदा ठेवला आणि 'रिकामा व' हे शब्द खोडले. खाडाखोडीशेजारी दोघांनी सह्या केल्या. शब्दाशब्दावर अडून बसणाऱ्या कंत्राटदाराने कारण विचारले नाही.

निघताना बाईंनी मागच्या खोलीचे दार ओढून घेतले. कडी वाजू नये म्हणून ती बोटाने धरून ठेवली.